सात नोव्हेंबर : एका दिवसाने काय होते?

मेरी क्यूरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा. त्यांनी शोधलेल्या रेडियमचे किरण पुढे कर्करोगावरील उपचारात वापरले जाऊ लागले. ही तारीख भारत सरकारने २०१४ मध्ये 'राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन' म्हणून जाहीर केली. पण नुसता दिवस ठरवून रोग हटतो काय? अंडाशयाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊन पाहू.

अंडाशये दोन. ती स्त्रीच्या ओटीपोटात खोलवर असतात आणि प्रत्येक साधारण बदामाएवढे असते. तेथील लहान गाठ हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही.

मग सोनोग्राफी का करू नये? आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. सोनोग्राफीत त्याहून कितीतरी अधिक, लाखो हर्ट्झचा ध्वनी वापरतात. तो शरीरात सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली कळते आणि चित्र तयार होते. परंतु अंडाशयावरील पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. निरोगी स्त्रियांची रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी दरवर्षी केली, तरी या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणजे येथे चाळणी चालत नाही. लक्षणांची जाण हवी. पोट सतत फुगणे, चार घासांतच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे, ही ती लक्षणे. आपल्याकडे 'गॅस झाला' म्हणून ती सोडून देतात. बहुधा कारण साधेच असते. पण असा त्रास नव्याने सुरू झाला आणि महिन्यात बारापेक्षा अधिक दिवस टिकला, तर डॉक्टरांकडे जावे.

जाण वाढवून उपयोग होतो का? कवठे महांकाळकरांनो, उत्तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागले. अवयव निराळा, पण धडा तोच.

अमेरिकेत सप्टेंबर महिना अंडाशयाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने पाळला जातो. ८ मे हा जागतिक दिन २०१३ पासून आहे. सरकारी शिक्का उपचार करीत नाही. तो शाळेत, ग्रामसभेत या विषयावर उघडपणे बोलण्याची वाट मोकळी करतो. संकोच सुटला, की वेळ वाचतो. येत्या सात नोव्हेंबरला वरील चार लक्षणे फळ्यावर लिहा आणि घरी आई-आजीला वाचून दाखवा.