वेबसाइटचा हिशेब आपल्याच सर्व्हरवर
वेबसाइटवर किती लोक आले, कुठून आले, काय वाचलं, हा हिशेब स्वतःकडे ठेवायचा तर मुक्तस्रोत साधनं बरीच आहेत. निवडताना आधी आपला सर्व्हर पाहावा. २००७ साली ‘पिविक’ नावानं सुरू झालेलं माटोमो पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, म्हणून साध्या शेअर्ड होस्टिंगवरही बसतं. प्लॉझिबलला पोस्टग्रेसबरोबर क्लिकहाउसही लागतं, ते लहान सर्व्हरला जड जातं. उमामी त्या मानानं हलकं. एखाद्या छोट्या संस्थेला मी तेच सुचवेन.

खरा फरक वाचकाच्या खासगीपणात आहे. प्लॉझिबल कुकी ठेवत नाही. आयपी पत्ता, ब्राउझरची माहिती आणि रोज बदलणारी एक गुप्त किल्ली यांतून ते वाचकाची तात्पुरती खूण बनवतं. किल्ली पुसली की खूणही जुळत नाही, म्हणून सोमवारी आलेला वाचक मंगळवारी नवा मोजला जातो. नेमानं परतणारे वाचक ओळखायचेच असतील तर माटोमो घ्यावं, पण कुकीसाठी वाचकाची संमती जरूर मागावी.

ढोबळ अंदाज पुरत असेल तर गोअ‍ॅक्सेस सर्व्हरचे लॉग वाचूनच अहवाल देतं, पानात स्क्रिप्ट घालावी लागत नाही. मात्र लॉगमध्ये बॉटची वर्दळ असते, ती गाळूनच आकडे वाचावेत.