थकव्यावर तरतरीची गोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल ही मेंदूला जागे ठेवणारी औषधे आहेत. पहिले मुख्यतः एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या विकारासाठी, तर दुसरे दिवसा अनावर झोप आणणाऱ्या नार्कोलेप्सीसाठी दिले जाते. दीर्घ आजारात अंगात त्राण उरत नाही, तेव्हा या गोळीने ताकद भरून येईल, असा समज रुग्णांत आणि घरच्यांत असतो. प्रत्यक्षात मिथाइलफेनिडेट मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनालिनचा परिणाम वाढवते. रक्तातली लोहाची उणीव किंवा सांध्यांची सूज त्याने हटत नाही.

झोप येणे आणि थकवा येणे एकच, हा दुसरा गैरसमज. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्याचे डोळे मिटतात, तो झोपेचा प्रश्न. अमेरिकेत मोडाफिनिलला त्यासाठी मान्यता आहे; युरोपात मात्र २०१०च्या फेरतपासणीनंतर ते नार्कोलेप्सीपुरतेच ठेवले गेले. आठ तास झोपूनही पायऱ्या चढवत नाहीत, तो थकवा वेगळा.

‘घेतल्यावर फरक पडतो’ हा अनुभव खोटा नसतो, पण श्रेय गोळीचेच असते असे नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १४१ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२०२१) ही दोन्ही औषधे, अमँटाडिन हे आणखी एक औषध आणि औषध नसलेली गोळी आळीपाळीने दिली गेली. थकवा चारही वेळा कमी झाला, औषध नसलेल्या गोळीनेही जवळपास तेवढाच. दुष्परिणाम मात्र औषधांचे अधिक होते. प्रगत कर्करोगाच्या रुग्णांवरील २०२४च्या ब्रिटिश चाचणीतही मिथाइलफेनिडेटचा रुग्णाला जाणवेल असा फायदा दिसला नाही. तज्ज्ञ निवडक रुग्णांत ही औषधे वापरून पाहतात, पण ठरावीक मुदतीपुरती.

एकदा घेतली की व्यसन लागलेच, ही भीतीही अतिरेकी आहे. देखरेखीखाली, ठरल्या मात्रेत धोका कमी असतो. तरीही मिथाइलफेनिडेट अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे, ते उसने घेण्याचे औषध नव्हे. नाडी व रक्तदाब वाढतो, भूक मरते, झोप उडते. आधीच खंगलेल्या माणसाला हे फार महागात पडते. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर घटतो, औषध थांबवल्यावरही निदान महिनाभर. ही गोष्ट बायकांना आधीच सांगायला हवी.

आधी शोधायचे ते थकव्याचे कारण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. विदर्भात सिकलसेलही आहे. म्हणून हिमोग्लोबिन, सिकलसेल, थायरॉइड, बी-१२ आणि साखरेची तपासणी आधी. घोरणे, उदासी आणि चालू औषधे, विशेषतः रक्तदाबाच्या काही गोळ्या, हेही पाहावे लागते; मात्र त्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. कर्करोगानंतरच्या थकव्यात नियमित हलका व्यायाम उपयोगी ठरतो. श्रमानंतर प्रकृती ढासळणाऱ्या एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारात मात्र व्यायाम वाढवत नेणे त्रासदायक ठरू शकते. तिथे शक्ती पुरवून वापरत, मध्ये विश्रांती घेत कामे करायची असतात.