चित्र दूरचें, नाद जवळचा

दिवाळी होऊन धानाची कापणी उरकत आली, म्हणजे पूर्व विदर्भांतील गांवांना नाटकांचे वेध लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रधान प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. आणि तेथील संगीतप्रधान नाटक रात्रीं उशिरां सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतें. २०२३ सालीं या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हां दूरच्या शहरांतील रसिकांचेंही लक्ष तिकडे वळलें. हल्लीं गोंदियाजवळील मुर्रीसारख्या गांवीं असा मंडप उभा राहिला, तर प्रेक्षकांतून पांचदहा मोबाइल तरी चित्रणासाठीं वर होतात. परंतु दुसऱ्या दिवशीं तें चित्रण पाहूं जातां नट ओळखूं येतो, त्याचें पद मात्र ओळखूं येत नाहीं. ज्या खेळाचा प्राण गाण्यांत, त्याचा केवळ देह हातीं राहतो.

याचें कारण डोळा आणि कान यांच्या स्वभावभेदांत आहे. कॅमेऱ्याचें भिंग दूरचा चेहरा जवळ आणूं शकतें. दूरचा नाद जवळ आणणारें तसें भिंग माइकापाशीं नसतें. मोकळ्या जागीं गायकापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं त्याच्या नादाचा दाब निम्म्यावर येतो, म्हणजेच ६ डेसिबल कमी होतो. भोंवतालची कुजबुज, खुर्च्यांची कुरकुर व जनित्राची घरघर मात्र होती तेवढीच राहते. समक्ष ऐकणाऱ्याचें मन नको तें वगळून हवें तेवढें उचलतें. माइकाला असा विवेक नाहीं.

हा पेंच बोलपटाच्या जन्माइतकाच जुना आहे. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत झळकला, आणि पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जाणारा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालीं आला. त्या काळीं गाण्याचें मुद्रण चित्रणाबरोबरच होई. त्यामुळें माइक गायकाच्या जवळ, पण दृष्टीआड ठेवावा लागे, आणि वादकांना झाडामागें किंवा पडद्याआड बसवावें लागे. १९३५ पासून पार्श्वगायन रूढ होऊं लागलें व चित्रपटाची यांतून सुटका झाली. रंगमंचावरील जिवंत प्रयोगाला ती पळवाट नाहीं. तेथें पद एकदांच गाइलें जातें.

म्हणून पहिला नियम असा कीं, कॅमेरा दूर राहिला तरी चालेल, माइक जवळ हवा. आणि तदर्थ ध्वनिमुद्रणाचें यंत्र निराळें असावें. गायकांचे व पेटीचे माइक ज्या मिक्सरला जोडलेले असतात, त्यांतूनच एक तार मुद्रणयंत्रास घ्यावी. तथापि एवढ्यानें काम पुरें होत नाहीं. मिक्सरांत तेवढेंच येतें जें मोठें करावयाचें असतें. मुळांतच मोठ्यानें वाजणारा ढोलक त्यांत क्षीण असतो, आणि प्रेक्षकांचा हंशा व टाळी तर जवळजवळ नसतेच. याकरितां रंगमंचाच्या पुढें, परंतु भोंग्यांपासून दूर, दोन माइक मोकळे ठेवावे. थंड वाऱ्याची झुळूक गडगडाटासारखी उमटूं नये म्हणून त्यांवर स्पंजाची टोपी घालावी.

दुसरा नियम पातळीचा. अंकीय मुद्रणाला एक छत असतें. नाद त्यावर आदळला कीं तो चपटा होतो, आणि पुढें कोणत्याही उपायानें तो मूळ रूपांत येत नाहीं. यास्तव नाटकापूर्वीं वादकांकडून सर्वांत मोठा ठेका वाजवून घ्यावा, व त्याचें शिखर छताच्या सुमारें १२ डेसिबल खालीं राहील अशी पातळी बांधावी. पातळी आपोआप सांवरणारी योजना बंद करावी. कारण ती शांततेंत कुजबुज फुगविते आणि ढोलक कडाडतांच गायकाचा आवाज दाबून टाकते.

तिसरा नियम मेळाचा. नाद सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागें उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला तबल्यावरील थाप दिसते आधीं, आणि ऐकूं येते एक दशांश सेकंदानें मागाहून. सेकंदास २५ चित्रें घेतलीं जात असतां हा फरक अडीच चित्रांचा होतो. मिक्सरमधील मुद्रणांत हा विलंब नसतो. दोहोंचा सांधा जुळावा म्हणून आरंभीं रंगमंचावर कॅमेऱ्यास दिसेल व माइकास ऐकूं जाईल अशी एक टाळी वाजवावी; मागाहून हातांचें मिलन आणि टाळीचा नाद एकत्र आणावे. पण दोन यंत्रांचीं घड्याळें तंतोतंत एक चालत नाहींत. लाखांत दोन भागांचाच फरक असला तरी पांच तासांत ०.३६ सेकंद, म्हणजे नऊ चित्रांचें अंतर पडतें. मग नटाचे ओठ एक सांगतात आणि पद दुसरें. म्हणून प्रत्येक अंकाच्या आरंभीं पुनः टाळी द्यावी.

या साऱ्याला फार धन लागत नाहीं. पडदा उघडण्यापूर्वींची तासाभराची तयारी पुरते. पहाटे मंडप रिकामा होतो, आणि मंडळी दुसऱ्या गांवची वाट धरते. कालचें पद त्याच रंगांत पुनः कोणी गात नाहीं. पुढील पिढीला तें ऐकावयाचें असेल, तर त्या रात्रीं माइक कोठें ठेवला होता, यावरच तें अवलंबून राहील.