हप्ते थकले, एलियन आले!

हॉरर सिनेमा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पडका वाडा, कंदील घेतलेला म्हातारा नोकर, कर्रकन उघडणारा दरवाजा. पण घर छान आहे, कॉलनी चकाचक आहे, दोन गोड मुलं आहेत आणि संकट चक्क आकाशातून येतंय, असं असेल तर? स्कॉट स्टुअर्टचा ‘डार्क स्काइज’ (२०१३) हा अमेरिकन सिनेमा असाच आहे. आणि खरं सांगू? मला त्यातल्या एलियन्सपेक्षा जास्त भीती वाटली ती त्या घरातल्या बिलांची!

डॅनियल आणि लेसी बॅरेट तुमच्या-आमच्यासारखेच. तो आर्किटेक्ट, पण नोकरी गेलेली. ती इस्टेट एजंट. घराचे हप्ते थकलेत, दोघांत कुरबुरी चालू आहेत. अशात एका रात्री फ्रिजमधलं खाणं जमिनीवर पसरलेलं सापडतं. नंतर स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे एकावर एक रचलेले मनोरे. फ्रेममधले फोटो गायब. सगळ्या दारं-खिडक्यांचा अलार्म एकाच क्षणी वाजतो. आणि एक दिवस पक्ष्यांचे थवेच्या थवे येऊन घरावर आदळतात. सॉलिड सीन आहे!

सिनेमाचं बजेट अवघं ३५ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. त्यामुळे एलियन्स फारसे दिसतच नाहीत, आणि तेच बरंय. केरी रसेल आणि जोश हॅमिल्टनचे न झोपलेले चेहरे पुरेसे आहेत. थोरल्या मुलाचा लव्ह-ट्रॅक मात्र रेंगाळतो.

याच जातकुळीतला १९८२चा ‘पोल्टरगाइस्ट’ आठवतोय? तिथे बिल्डरने दफनभूमीवर कॉलनी उठवलेली असते. फक्त वरचे दगड हलवलेले, प्रेतं खालीच! म्हणजे राग काढायला निदान एक बिल्डर तरी होता. बॅरेट कुटुंबाला तीही सोय नाही. जे. के. सिमन्सने केलेला जाणकार त्यांना शांतपणे सांगतो, की तुमच्यात खास असं काहीच नाही. तुमची पाळी आली, बस्स. २००८च्या मंदीत घरं गमावलेल्या कित्येक अमेरिकनांना हे वाक्य ओळखीचं वाटलं असेल.

मुलांच्या अंगावरचे वळ पाहून बाहेरचे लोक आईबापांवरच संशय घेतात. लेसी एलियन्सचं बोलते तेव्हा डॅनियल तिला उडवून लावतो. म्हणजे एलियन्स दारात यायच्या आधीच घर आतून दुभंगलेलं.

माझ्या ओळखीतल्या एकाची नोकरी गेली. तो महिनाभर रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि बागेत बसायचा. बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली, “नोकरीचं काही नाही रे, पण महिनाभर मी कोणाबरोबर राहत होते?” हॉरर म्हणतात तो हाच.

शेवट सांगणार नाही. एवढंच सांगते, की धक्का पहिल्यापासून समोरच असतो, त्या आईबापांचं लक्ष भलतीकडे असतं. तेव्हा हा सिनेमा बघाच, आणि ज्याच्यासोबत ईएमआय भरताय त्याच्यासोबत बघा. संपला की दिवे लावा, चहा टाका आणि दोघांची बँक स्टेटमेंट्स टेबलावर काढा. भीती तिथेही वाटेल, पण ती दोघांत वाटून घेता येते.