ग्रॅच्युइटीतून फी भरावी का?

या आठवड्यात शैक्षणिक कर्जावर लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या वेळी. वाळूजच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न आधी घेतो, कारण तो आपल्या शहरात अनेकांच्या मनात असणार. वय ३६, एकाच कंपनीत बारा वर्षं, हातात महिन्याला ६० हजार, त्यात बेसिक आणि डीए मिळून ३० हजार. पूर्णवेळ एमबीएसाठी राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी हातात येते आणि तिच्यात फी जवळपास निघते. मग शिक्षण फुकटात पडलं असं का म्हणू नये? तसं म्हणता येत नाही, आणि का ते नीट पाहायला हवं. एमबीएचा हिशोब बिघडतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी.

ग्रॅच्युइटीचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. या वाचकांचे होतात सुमारे २ लाख ८ हजार. त्या सूत्रातल्या ‘शेवटचा’ या शब्दाकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. हीच व्यक्ती त्याच कंपनीत ५८ व्या वर्षापर्यंत राहिली आणि तिचा बेसिक तोवर ९० हजारांवर गेला, तर याच बारा वर्षांचे ६ लाख २३ हजार होतात. आज राजीनामा दिला की ती बारा वर्षं ३० हजारांच्या बेसिकवर कायमची बंद होतात. पुढच्या नोकरीत पगार कितीही वाढला, तरी त्याचा लाभ फक्त तिथल्या वर्षांना. यावर जाणकार म्हणतील की हाती आलेले २ लाख ८ हजार आठ टक्क्यांनी गुंतवले, तर २२ वर्षांत त्यांचे सव्वाअकरा लाख होतील, म्हणजे थांबण्यापेक्षा जास्तच. अगदी बरोबर. पण मग त्या पैशांतून फी भरता येणार नाही. एकच रक्कम एकदा म्हातारपणासाठी आणि एकदा फीसाठी मोजता येत नाही. ती फीत गेली, तर फीची खरी किंमत ५८ व्या वर्षीचे सव्वाअकरा लाख आहे.

आणि फी हा या व्यवहारातला लहान आकडा आहे. दोन वर्षांचा बुडालेला पगार १४ लाख ४० हजार. घरखर्च त्यात पुन्हा मिळवू नका. नोकरीत असतानाही तो होणारच होता. पीएफमध्ये कर्मचाऱ्याचा आणि कंपनीचा मिळून, पेन्शनचा वाटा वगळता, महिन्याला ५,९५० रुपये जमा होतात. दोन वर्षांचे १ लाख ४३ हजार. २०२४-२५ चा ८.२५ टक्के दर तसाच राहिला असं धरलं, तर पुढच्या वीस वर्षांत त्यांचेच जवळपास सात लाख झाले असते. फी अडीच लाख धरली, तर आजच्या पैशांत खड्डा सव्वाअठरा लाखांचा. तो सहा वर्षांत भरायचा तर महिन्याला पंचवीस हजारांहून जास्त हवेत, आणि तेही आजच्या ६० हजारांवर नव्हे: वर्षाला आठ टक्के वाढ धरली तर दोन वर्षांनी बसल्या जागी ७० हजार झालेच असते. म्हणजे पदवीनंतर पहिल्याच दिवशी हातात ९५ हजार देणारी नोकरी हवी.

ती संभाजीनगरात आहे का, हा खरा प्रश्न. बजाजचा वाळूजला आणि स्कोडाचा शेंद्र्याला कारखाना, पण मुख्यालयं आकुर्डी आणि चाकणला. मार्केटिंग, फायनान्स, नियोजन यांतली जी पदं एमबीए मागतात, ती बहुतेक तिकडे. पुण्याला जायचं तर घरभाडं आणि जोडीदाराची इथली नोकरी हिशोबात धरावीच लागते. जवळच्या बिडकीनमधल्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार केला, चित्र बदलेल, असं बरेच जण सांगतात. बदलावं, मलाही तेच हवंय. पण नवा कारखाना उभा राहताना आधी लागतात उत्पादन, दर्जा आणि पुरवठासाखळीतली अनुभवी माणसं, आणि तो अनुभव नोकरी सुरू ठेवणाऱ्याकडेच साठत असतो. वर्गात भेटणारी माणसं पदवीइतकीच मोलाची, हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो आयआयएम अहमदाबाद किंवा आयएसबीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला लागू पडतो. तिथली फी तीस लाखांच्या पुढे असली तरी पगार एकाच वर्षाचा बुडतो आणि बरोबर बसणारे अनुभवी असतात. साध्या कॉलेजातली कॅम्पस भरती नवशिक्यांसाठी असते. बारा वर्षांच्या अनुभवाला तिथे भाव नाही.

म्हणून या वाचकांना माझं उत्तर: राजीनामा देऊ नका. इग्नूचं एमबीए लाखाच्या आत होतं आणि ते पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. पूर्णवेळच शिकायचं असेल, तर आधी कंपनीकडे बिनपगारी रजा लेखी मागा. मंजूर रजेने ग्रॅच्युइटीच्या सेवेत खंड पडत नाही. पुढच्या आठवड्यात कर्ज आणि त्यावरची आयकरातली वजावट. तोवर पगाराच्या स्लिपवरचा बेसिक आणि डीए कागदावर वेगळा लिहून ठेवा, तो लागणार आहे.