खात्रीची एक ओळ

पावसाळा सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, नीरा डाव्या कालव्याच्या काठच्या गावांतून सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. ऊसतोडीच्या हंगामात कोपीत जमिनीवर निजणाऱ्या मजुरांनाही हा धोका असतो. हल्ली रुग्णाबरोबर आलेली मंडळी मोबाईल पुढे करून सांगतात, "डॉक्टर, आम्ही यात वाचलं." वाचलेले बरोबर असेल तर जीव वाचतो, चुकीचे असेल तर मोलाचा वेळ वाया जातो.

म्हणून गेली काही वर्षे मी रविवारची दुपार मराठी विकिपीडियातील आरोग्यविषयक लेखांसाठी राखून ठेवतो. डॉ. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि तर्कतीर्थांचा मराठी विश्वकोश ही आपली परंपरा. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया मात्र कोणालाही लिहिता आणि दुरुस्त करता येतो.

मग त्यावर विश्वास कसा ठेवावा? प्रत्येक लेखाला 'इतिहास' असतो. कोणता बदल कधी झाला ते तेथे दिसते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. मतभेद 'चर्चा' पानावर मांडतात. मुख्य म्हणजे विधानाला संदर्भ लागतो. 'माझा तीस वर्षांचा अनुभव' तेथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका चालते. डॉक्टरलाही ही शिस्त बरी!

संदर्भाइतकीच भाषा महत्त्वाची. मण्यारीच्या विषाबद्दल 'अवरोही पक्षाघात' असे लिहिले तर ऊसतोड कामगाराला काय कळणार? 'आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, मग श्वास अडतो' हे सर्वांना कळते. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर सर्पदंशाची शंका घ्यावी.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. पण ती वेळेवर मिळाली पाहिजे.

शिक्षक, परिचारिका, वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी अशा कोणालाही या कामात हातभार लावता येईल. शुद्धलेखन सुधारा, संदर्भासह एक वाक्य घाला. रुग्णाचे नाव किंवा दवाखान्याची जाहिरात मात्र घालू नका.

आणि वाचकहो, साप चावल्यावर ज्ञानकोश उघडून बसू नका. घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. वाचायचे ते आजच वाचून ठेवा.