जाहिरात करणारा वकील

अमेरिकेत टीव्ही लावला, की ‘अपघात झालाय? आम्हाला फोन करा’ म्हणणारे वकील दिसतात. लोक वैतागतात. पण सुरुवात कुठून झाली, बघा. १९७६ मध्ये फिनिक्सच्या बेट्स आणि ओस्टीन या वकिलांनी वर्तमानपत्रात दरच छापले: परस्परसंमतीचा घटस्फोट, १७५ डॉलर अधिक कोर्ट फी. बारने कारवाई केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची जाहिरात वैध ठरवली. त्या जाहिरातीत दर होता हो! आजच्या टीव्हीवर तो नसतो, कारण अपघाताच्या दाव्यात फी म्हणजे भरपाईतला वाटा. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम ३६ जाहिरातीला मनाई करतो. शांतता आहे खरी. पण खर्च किती, हे अशिलाला कोर्टाची पायरी चढल्यावरच कळतं.